रंग उडालेला वारसा

मुंबईत हॉर्निमन सर्कलकडे तोंड करून उभ्या असलेल्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढल्या, की समोर आठ डोरिक स्तंभ येतात. कर्नल थॉमस कूपर यांनी आराखडा केलेली ही इमारत १८३३ मध्ये पूर्ण झाली. त्या काळी युरोपात ग्रीक धाटणीची लाट होती. जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट यांनी अथेन्सला जाऊन तिथल्या वास्तूंची मोजमापं घेतली आणि १७६२ मध्ये त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. मग बँका, न्यायालयं, ग्रंथालयं असं जे जे भारदस्त दिसायला हवं होतं, त्यापुढे स्तंभ आणि त्रिकोणी माथा आला.

पण नकलेत मूळ ग्रीकांच्या दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी गळल्या.

पहिली, वाकलेल्या रेषा. इक्टिनस आणि कॅलिक्राटीस या वास्तुकारांचं अथेन्समधलं पार्थेनॉन मंदिर इ.स.पूर्व ४४७ ते ४३२ या काळात घडलं. त्यात खरी सरळ रेषा शोधूनच काढावी लागते. जोत्याचा मध्यभाग टोकांपेक्षा उंच आहे. लांब बाजूला हा फुगवटा सुमारे ११ सेंटिमीटर भरतो. स्तंभ मध्ये किंचित फुगीर आणि आतल्या बाजूला कललेले. पावसाचं पाणी निथळावं म्हणून, की नजरेला वास्तू जिवंत वाटावी म्हणून, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. काहीही असो, प्रत्येक दगडाचा कोन वेगळा काढणाऱ्या पाथरवटांना सलामच करावा लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे रंग. ग्रीक देवळं आणि मूर्ती रंगवलेल्या असत: निळ्या, लाल, पिवळ्या, कुठे सोन्याचा मुलामा. जमिनीत गाडल्या जाऊन आणि उन्हापावसात राहून रंग उडाले. पुढे योहान विंकेलमान या जर्मन अभ्यासकाने १७६४ च्या आपल्या ग्रंथात ग्रीक कलेचा आदर्श मांडला. तो ग्रीसला कधीच गेला नाही. त्याच्यासमोर होत्या बहुतांशी रोममधल्या प्रतिकृती. शुभ्रता म्हणजेच सौंदर्य, ही समजूत मग युरोपभर रुजली. ती इतकी घट्ट बसली, की १९३० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनच्या शिल्पांचा पृष्ठभाग तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडमने घासून पांढरा करण्यात आला! दगडाची जी नैसर्गिक साय होती, तीही त्यात गेली.

तरीही सगळं पुसलं गेलं नव्हतं. ग्रीकांनी वापरलेल्या ‘ईजिप्शियन निळ्या’ रंगावर दृश्य प्रकाश टाकला, की तो अवरक्त किरणं सोडतो. डोळ्यांना हे दिसत नाही, पण खास कॅमेऱ्याला दिसतं. जिओव्हानी वेरी यांनी २००९ मध्ये हीच पद्धत वापरून त्याच म्युझियममधल्या पार्थेनॉनच्या शिल्पांवर निळ्याचे अंश दाखवले. आयरिस देवीच्या कमरपट्ट्यावरही तो सापडला. त्याआधी २००३ मध्ये म्युनिकमध्ये विन्त्सेन्त्स ब्रिंकमान यांनी रंगीत प्रतिकृतींचं प्रदर्शन भरवलं होतं. ते भडक रंग पाहून अनेकांना धक्का बसला. गाभाऱ्यातल्या रंगीत मूर्तींची सवय असलेल्या मराठी माणसाला मात्र त्यात फारसं वावगं वाटू नये.

अमेरिकेत टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात पार्थेनॉनची पूर्णाकृती नक्कल आहे. १८९७ च्या प्रदर्शनासाठी ती तात्पुरती उभारली गेली आणि पुढे काँक्रीटमध्ये कायमची बांधली गेली. आतली अथेना देवीची सुमारे तेरा मीटर उंच मूर्ती १९९० मध्ये खुली झाली, तेव्हा पांढरीच होती. बारा वर्षांनी, २००२ मध्ये, तिला सोन्याचा मुलामा देऊन रंगवण्यात आलं.