एका अक्षराची चूक, साडेतीन हजार मात्रा

न्यूमोकोकस हा जंतू पोषक वातावरणात साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो. रात्री आठला एक असला, तर सकाळी आठला 1 कोटी 67 लाख 77 हजार 216. हिशेब अर्थात कागदावरचा. धडधाकट बाळाच्या अंगात तो पुरा होत नाही, कारण डाव्या बरगडीखालची पानथरी रक्तातले जंतू गाळून फस्त करते. पण पानथरीच निकामी झाली असेल तर?

झरी जामणीसारख्या कोलाम, गोंड, परधानांच्या तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. या पट्ट्यात सिकलसेल आहे; शेजारच्या चंद्रपुरात आयसीएमआरचे त्यासाठी केंद्रही आहे. सिकलसेल म्हटले की सगळ्यांना अंगदुखी आणि कमी रक्त आठवते. तान्ह्या मुलांच्या जिवावर उठतो तो मात्र जंतुसंसर्ग.

सिकलसेलमधली मूळ चूक केवढी? आईकडून सुमारे 300 कोटी जनुकीय अक्षरे येतात, बापाकडून तितकीच. दोन्हीकडे एकाच जागी एकेक अक्षर चुकलेले. पण एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात आणि प्रत्येकात त्या चुकीतून घडलेली सदोष साखळी दोनदा. म्हणजे एका पेशीत 54 कोटी वेळा तीच चूक! निरोगी पेशी सात-आठ मायक्रॉनची, तरी पानथरीतल्या एक-दोन मायक्रॉनच्या फटीतून अंग चोरून निसटते. विळ्यासारखी वाकून ताठरलेली पेशी तिथेच अडकते, रक्त तुंबते आणि चाळणी हळूहळू मरते.

गर्भातले हिमोग्लोबिन बाळाला पहिले काही महिने सांभाळते. ते ओसरले की कधी हातापायांची बोटे टम्म सुजतात, हात लावला तरी बाळ किंचाळते. घरचे म्हणतात, मुका मार असेल. आपल्याकडच्या अनेक मुलांत हे हिमोग्लोबिन जास्त टिकते, पानथरी उशिरा थकते, हे खरे. त्यावर विसंबून राहणे मात्र मला पटत नाही. हाताला लागणारी मोठी पानथरी काम करतेच असे नाही.

उपाय जुना आहे. 1986 साली अमेरिकेतल्या एका चाचणीत पेनिसिलिन घेणाऱ्या 105 मुलांपैकी दोघांना गंभीर संसर्ग झाला, न घेणाऱ्या 110 पैकी तेरा जणांना. फरक इतका उघड होता की चाचणी आठ महिने आधीच थांबवली. पेनिसिलिन द्यायचे ते तिसऱ्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत, दिवसातून दोनदा. एकूण जवळजवळ साडेतीन हजार मात्रा. कापूस वेचायला पहाटे निघणाऱ्या आईने त्यातली एकही विसरायची नाही, ही अपेक्षा सोपी नव्हे. गोळी आरोग्य केंद्रात संपली असेल तर दोष तिचा नाही.

2023 साली सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेचे लक्ष्य 7 कोटी तपासण्यांचे आहे. आपल्या घरातले बाळ त्यात यायची वाट पाहू नका. आईबाप दोघेही वाहक असतील तर जन्मतःच तपासणी मागून घ्या. न्यूमोकोकसची लस सहाव्या आठवड्याला, चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्यात टोचून घ्या. आणि सिकलसेलच्या बाळाला 101 च्या वर ताप चढला, तर सकाळ होऊ देऊ नका, रात्रीच दवाखाना गाठा.