पोटात मिक्सर असलेले गृहस्थ



आमच्या घरी आलात की दारातच, चपलांच्या कपाटावर, दोन फूट उंचीचे एक गृहस्थ तुमचं स्वागत करतील. डोकं म्हणजे कडीचा डबा, डोळे दोन मोठे वायसर, कान चहाच्या गाळण्या, छातीवर किसणी आणि टाळूवर कुकरची शिट्टी. पोट मात्र माझ्या आईच्या मिक्सरचं आहे. त्याचीच ही गोष्ट.

हा छंद लागला तो इथल्या उन्हाळ्यामुळे. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतमधल्या मित्रिबा इथे ५३.९ अंश तापमानाची नोंद झाली, हे तुम्हाला आठवत असेलच. अशा दिवसांत सुटी घरातच काढायची, तर हाताला काम हवं. मग शुवैखच्या दुकानांतून नट-बोल्ट आणि अल रैच्या शुक्रवार बाजारातून जुने नळ, पंख्याच्या जाळ्या असा संसार जमू लागला. अमेरिकेत एम.एस. करताना महागडे रोबो लांबून पाहिले होते. हे आमचे रोबो हलत नाहीत, बोलत नाहीत, नुसते शोभेचे!

टाकाऊतून काही घडवण्यात मी एकटा नाही. पुण्याच्या आयुकामध्ये अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूब यांतून मुलांसाठी खेळणी करून विज्ञान शिकवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि कुवेतमध्येच, कादिसियाला, लिदिया अल कत्तान यांनी आरशांच्या तुकड्यांनी अख्खं घर मढवलं आहे. पाहिलं नसेल तर जरूर पाहा.

आता मिक्सरकडे वळू. आम्ही कुवेतला आलो तेव्हा आईने तो स्वतःच्या साड्यांत गुंडाळून बॅगेत घातला होता. "तिकडे चटणी कशात वाटणार रे?" इतकंच म्हणाली. बरीच वर्षं त्याने इमानाने चटण्या वाटल्या. २०२० च्या मे महिन्यात आई गेली. इथली प्रवासी विमानं मार्चपासूनच बंद. अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेतलं. त्यानंतर दोन महिन्यांनी मिक्सरची मोटर जळाली.

मी ड्रिल घेऊन बसलो, तर सौ. म्हणाली, "अहो, आईंची वस्तू आहे. भोकं नका पाडू तिला." मी चिडलो. जळक्या मोटरीची कसली आलीय पूजा! पण हात काही पुढे गेला नाही.

शेवटी इंजिनिअरचं डोकं चालवलं. भोक नाही, चिकटवणं नाही. मिक्सरला बाहेरून पाइपाचे क्लॅम्प आवळले, आत रबराची पट्टी घातली आणि हातपाय त्यांना जोडले. उद्या चार स्क्रू सैल केले की मिक्सर जसाच्या तसा मोकळा. जड मोटर खाली राहील असं पाहिलं, म्हणून गृहस्थ पडत नाहीत.

करून पाहणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं. स्टीलच्या डब्याला भोक पाडताना आधी पंचने खूण करा, ड्रिल सावकाश चालवा, तेल सोडा. घाईने पातं जळतं. चिकटवण्याआधी तेलकटपणा पुसून पृष्ठभाग पॉलिशपेपरने घासा. जुना मायक्रोवेव्ह किंवा जाड काचेचा टीव्ही मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

लेकीने एकदा विचारलं, "बाबा, रोबो म्हणजे काय?" सांगितलं : कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० च्या नाटकात हा शब्द आणला, सुचवला त्याच्या भावाने, आणि मूळ अर्थ वेठबिगारी. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग ह्याला रोबो नको म्हणू या. आजीच्या मिक्सरने खूप काम केलंय. आता तो रिटायर झालाय."

तेव्हापासून त्यांचं नाव 'आजोबा'. दिवाळीला त्यांच्यासमोरही एक पणती लागते. तर मंडळी, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा. आणि हो, घरच्यांना विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका!