अंगणातील क्रीडांगण : रंगाआधी पाया

गृहसंकुलाच्या आवारात किंवा शेतघराच्या मागील मोकळ्या जागेत टेनिसचे कोर्ट तयार झाले, की पहिल्या दिवशी सर्वांची नजर त्याच्या निळ्या-हिरव्या रंगावर आणि ठसठशीत पांढऱ्या रेषांवर खिळते. मात्र कोर्टाचे आयुष्य रंगावर ठरत नाही. एक-दोन पावसाळे उलटले, की कुठे पाण्याची डबकी साचू लागतात, कुठे रंगाला फोड येतात, तर कुठे नेटच्या खांबापाशी निघालेली भेग आडवी धावत जाते. मग पुन्हा रंग दिला जातो आणि पुढील पावसाळ्यानंतर तीच भेग त्याच जागी डोके वर काढते. दोष रंगाचा नसतो. तो रंगाखालील थरांत, उतारात आणि पाण्याला काढून दिलेल्या वाटेत असतो. काही लाख रुपये खर्चून खासगी जागेत कोर्ट बांधू इच्छिणाऱ्याने एकच सूत्र ध्यानात ठेवावे : जे दिसणार नाही, त्यावर आधी खर्च करावा.

हार्ड कोर्ट म्हणजे डांबराच्या किंवा काँक्रीटच्या पक्क्या थरावर अ‍ॅक्रिलिक रंगाचे लेप दिलेले कोर्ट. अमेरिकन खुली स्पर्धा १९७८ मध्ये आणि ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धा १९८८ मध्ये अशा पृष्ठभागावर खेळली जाऊ लागली आणि हार्ड कोर्टाला मोठी प्रतिष्ठा लाभली. आपल्या देशातही १९९७ पासून चेन्नईत भरणारी आणि २०१८ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात आलेली पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा हार्ड कोर्टावरच झाली. हिरवळीचे किंवा मातीचे कोर्ट रोज पाणी, रोलर आणि माणूस मागते. हार्ड कोर्ट एवढे मागत नाही. म्हणूनच खासगी जागेत त्याची निवड होते. मात्र ‘कमी निगा’ म्हणजे ‘निगा नको’ असा अर्थ काढला, तर तो महागात पडतो.

जागेचे मोजमाप आणि दिशा

टेनिसच्या दुहेरी कोर्टाच्या रेषा ७८ फूट लांब आणि ३६ फूट रुंद असतात. परंतु खेळाडू रेषांच्या आत थांबत नाही. मागे आणि बाजूंना धावण्यास जागा धरून पूर्ण मापाच्या कोर्टासाठी १२० × ६० फूट, म्हणजे ७,२०० चौरस फूट जागा लागते. गुंठ्यांच्या हिशेबात ती साडेसहा गुंठ्यांहून थोडी अधिक होते. केवळ विरंगुळ्याच्या खेळासाठी ११४ × ५६ फूट जागेतही निभावते. त्याहून कमी जागेत कोर्ट बसवल्यास खेळाडू चेंडूमागे धावत कुंपणावर आदळण्याचा धोका राहतो.

जागा लहान असेल, तर टेनिसचा हट्ट न धरता दुसऱ्या खेळाचा विचार करावा. व्हॉलीबॉलचे कोर्ट १८ × ९ मीटर असते आणि भोवती ३ मीटर मोकळी जागा असावी. बास्केटबॉलचे पूर्ण कोर्ट २८ × १५ मीटर असले, तरी एका रिंगचे अर्धे कोर्ट घरच्या सरावाला पुरते. रिंगची उंची मात्र ३.०५ मीटर हवी. पिकलबॉलचे कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच, म्हणजे ४४ × २० फूट असते आणि धावण्याच्या जागेसह ६० × ३० फुटांत मावते. बॅडमिंटनचे फूल वाऱ्याने भरकटते, हे उघड्यावरील कोर्ट आखताना विसरू नये.

कोर्टाची लांब बाजू शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवावी. खेळाची वेळ बहुधा सकाळची किंवा सायंकाळची असते आणि तेव्हा सूर्य पूर्वेला अथवा पश्चिमेला खाली असतो. पूर्व-पश्चिम कोर्टावर एका खेळाडूच्या डोळ्यांत थेट ऊन येते. हा दोष एकदा बांधकाम झाल्यावर कोणत्याही खर्चाने दूर होत नाही.

जागा खासगी असली, तरी परवानगीचा प्रश्न उरतोच. मंजूर आराखड्यात ती जागा कोणत्या वापरासाठी दाखवली आहे आणि तेथे पक्का थर चालतो का, हे स्थानिक नगररचना विभागाकडून लेखी समजून घ्यावे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सर्वसाधारण सभेचा ठराव आवश्यक समजावा. महाराष्ट्राच्या नागरी भागात झाड तोडण्यापूर्वी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पिकलबॉलच्या टणक बॅटचा टक-टक आवाज शेजाऱ्यांना त्रासदायक ठरू शकतो. तेव्हा खेळाच्या वेळा आधीच ठरवणे शेजारधर्माच्याही हिताचे असते.

मातीशी ओळख

कोर्टाचा खरा परीक्षक म्हणजे त्याखालची जमीन. विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्राचा बराच भाग, माळवा आणि गुजरात येथील काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट घातलेला थर वर्षातून एकदा उचलला जातो आणि एकदा खचतो. अशा ठिकाणी वरची काळी माती काढून तिच्या जागी चांगला मुरूम भरावा आणि तो पातळ थरांत, पाणी मारून, रोलरने दाबावा. एकदम जाड भराव टाकून वरून रोलर फिरवल्यास फक्त वरची कातडी घट्ट होते. आतला भाग पोकळच राहतो.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याची जमीन तुलनेने घट्ट असते, पण तेथे पाऊस मुसळधार आणि जागा उताराची. डोंगरउतार कापून एका बाजूला भराव घातला, तर कापलेला भाग स्थिर राहतो आणि भरावाचा भाग बसतो. भेग नेमकी दोहोंच्या सांध्यावर येते. भराव मोठा असेल, तर तो एक पावसाळा मुरू द्यावा आणि मगच पुढचे काम हाती घ्यावे. वड, पिंपळ, उंबर यांसारख्या झाडांची मुळे पक्का थरही उचलतात. त्यांच्यापासून कोर्ट दूरच आखावे.

मुरुमावर दगडांचे सोलिंग किंवा दाबलेल्या खडीचा थर येतो. ७,२०० चौरस फुटांवर केवळ १५ सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा, तरी दाबून झाल्यावर सुमारे १०० घनमीटर खडी लागते. दरपत्रकात काटछाट करायची असेल, तर ती येथेच सर्वांत सोपी असते, कारण हा थर नंतर कोणालाच दिसत नाही. म्हणून प्रत्येक थराची जाडी दरपत्रकात लिहून घ्यावी आणि पुढचा थर पडण्यापूर्वी ती प्रत्यक्ष मोजून पाहावी.

डांबर की काँक्रीट?

डांबराचा थर थोडा लवचीक असतो आणि त्याची दुरुस्ती तुलनेने सोपी असते. परंतु कडक उन्हात तो मऊ पडतो, खुर्ची किंवा शिडीचे पाय त्यात रुततात आणि वर्षे जातील तसा तो सुकून त्याला भेगा पडतात. काँक्रीट नागपूरसारख्या तीव्र उन्हाळ्याच्या गावीही टणक राहते. मात्र ते आकसते, म्हणून त्यात आखीव सांधे सोडावे लागतात. हे सांधे रेषांच्या आणि नेटच्या जागांशी जुळवून आखल्यास खेळात अडथळा येत नाही. काँक्रीटखाली पॉलिथिनचा जाड कागद अंथरणे आवश्यक आहे; अन्यथा जमिनीतील ओल वर चढते आणि रंगाला फोड आणते.

काँक्रीटचा पृष्ठभाग गुळगुळीत घोटून घेणे हीदेखील नेहमी होणारी चूक आहे. कसबी गवंड्याला चकचकीत घोटाईचा अभिमान असतो. पण घोटलेल्या काँक्रीटवर रंग धरत नाही. ओल्या काँक्रीटवरून झाडू ओढून हलका खरखरीतपणा ठेवावा, तसे आधीच सांगावे. नेटच्या खांबांनाही सुमारे ३ फूट खोल पाया हवा. नेट ताणले, की खांब सतत आत ओढले जातात. उथळ पाया हलतो आणि पहिली भेग तेथूनच निघते.

पाण्याची वाट

बिगरसच्छिद्र कोर्टाला १०० ते १२० फुटांमागे १ फूट उतार असावा. सोप्या भाषेत, दर १० फुटांना साधारण १ इंच. ६० फूट रुंदीवर आडवा उतार दिला, तर दोन्ही कडांच्या उंचीत सुमारे ६ ते ७ इंचांचा फरक पडतो. खेळताना तो जाणवत नाही, पाण्याला मात्र पुरेसा होतो. हा उतार संपूर्ण कोर्टभर एकाच प्रतलात आणि शक्यतो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे असावा. नेटखाली खोलगट भाग ठेवून पाणी मध्यभागी आणणे सर्वथा चुकीचे.

पाणी किती येते, याचाही हिशेब करावा. ७,२०० चौरस फुटांच्या कोर्टावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळजवळ ६७,००० लिटर पाणी जमा होते. म्हणजे १०,००० लिटरचे साडेसहा टँकर! मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. एवढे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात किंवा इमारतीच्या तळघरात सोडता येत नाही. खालच्या कडेला सलग गटार, त्याला गाळ अडवणारी टाकी आणि पुढे पुनर्भरणाचा खड्डा अशी योजना केली, तर हेच पाणी विहिरीला किंवा कूपनलिकेला उपयोगी पडते. वरच्या बाजूनेही चर हवा, म्हणजे टेकडीचे पाणी कोर्टाखाली शिरत नाही.

रंग देण्यापूर्वीची एक परीक्षा अत्यंत स्वस्त आणि अत्यंत विश्वसनीय आहे. संपूर्ण कोर्टावर पाणी सोडावे आणि उन्हात सुमारे तासभर थांबावे. जेथे पाणी उरले असेल, तेथे एक रुपयाचे नाणे आडवे ठेवावे. नाणे बुडाले, तर तो खळगा दोषपूर्ण समजावा, त्याभोवती खडूने रेघ ओढावी आणि तो भरून घेऊन पुन्हा पाणी सोडावे. रंगाने खळगा भरत नाही. तो फक्त झाकला जातो.

रंग, कुंपण आणि दिवे

नव्या डांबरावर साधारण दोन ते चार आठवडे आणि काँक्रीटवर २८ दिवस जाऊ द्यावेत. घाईने दिलेला रंग सुटतो. प्रथम वाळूमिश्रित अ‍ॅक्रिलिकचा भरणीचा लेप, नंतर रंगाचे दोन-तीन लेप आणि शेवटी रेषा, असा क्रम असतो. रंगातील बारीक वाळूच चेंडूचा वेग आणि पायांची पकड ठरवते, म्हणून तिचे प्रमाण उत्पादकाच्या सूचनेनुसारच असावे. पावसाळी हवा आणि भर उन्हाची दुपार दोन्ही टाळावे. आपल्याकडे पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने या कामास योग्य ठरतात.

टेनिसच्या नेटची उंची मध्यभागी ३ फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट असते. कुंपणाची जाळी साधारण १० फूट उंच आणि जस्तलेपित घ्यावी. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड फार काळ टिकत नाही. दिव्यांचे खांब लांब बाजूंना, जाळीबाहेर असावेत. बेसलाइनमागे दिवा लावल्यास तो खेळाडूच्या डोळ्यांत येतो. प्रकाश शेजारच्या खिडक्यांत जाणार नाही, असे दिवे खाली झुकवावेत. विजेच्या तारांसाठीची नळी थर घालण्यापूर्वीच टाकून ठेवावी.

निगा : थोडी, पण नियमित

पालापाचोळा दर आठवड्याला झाडावा, कारण ओली पाने डाग पाडतात आणि गटाराचे तोंड बंद करतात. पावसाळ्यापूर्वी गटार आणि गाळाची टाकी साफ करावी. सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ धरते. तेथे पाय घसरून इजा होऊ शकते. सौम्य द्रावण आणि मऊ ब्रशने ते वेळीच काढावे, तारेचा ब्रश वापरू नये. केसाएवढी भेग दिसताच ती योग्य भरणीने बुजवावी. पाणी आत शिरले, की खालची खडी सैल होऊ लागते.

गृहसंकुलांतील कोर्टांचे मोठे शत्रू मात्र खेळाशी संबंधित नसतात. गणेशोत्सवाच्या किंवा लग्नाच्या मांडवासाठी ठोकलेले खांब, दिवाळीत उडवलेले फटाके, गाड्यांची तात्पुरती सोय आणि सायकली यांनी एका दिवसात झालेले नुकसान वर्षभराच्या खेळाने होत नाही. कोर्ट केवळ खेळासाठीच वापरले जाईल, असा नियम उद्घाटनापूर्वीच करावा.

पैशाचे नियोजन

काम टप्प्याटप्प्याने आणि रक्कमही टप्प्याटप्प्याने, हे तत्त्व येथे फार उपयोगी ठरते. पायाभरणी, मुख्य थर, पाण्याची परीक्षा आणि रंग असे टप्पे करारात लिहावेत. प्रत्येक टप्पा तपासल्यावरच त्याचा हप्ता द्यावा. रकमेचा काही भाग पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट असावी. पावसाळ्याइतका निःपक्षपाती तपासनीस दुसरा नाही.

रंगाचा लेप कायमचा नसतो. वापर, ऊन आणि पाऊस यांनुसार साधारण चार ते आठ वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो. त्या वेळी सभासदांकडून एकदम वर्गणी मागण्यापेक्षा पहिल्याच महिन्यापासून त्यासाठी आवर्ती ठेव सुरू करणे शहाणपणाचे. नेट, दिवे आणि किरकोळ दुरुस्तीसाठी वार्षिक तरतूद वेगळी ठेवावी. असा हिशेब आधी मांडला, की कोर्ट किती मोठे बांधावे याचे उत्तरही आपोआप मिळते : जेवढ्याची निगा परवडेल, तेवढेच. घट्ट पायाचे आणि नीट उताराचे लहान कोर्ट वर्षानुवर्षे खेळते राहते. घाईने बांधलेले भव्य कोर्ट मात्र लवकरच मुलांऐवजी वाहने उभी करण्याची जागा होऊन बसते.