माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्डचा आवाज दबका का येतो?

चतुर्थीची साफसफाई सुरू झाली की पेडणे काय किंवा पलीकडचे सावंतवाडी-दोडामार्ग काय, माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्ड खाली उतरतात. एखादा भाचा नवा टर्नटेबल आणतो, मास्टर दीनानाथांची नाहीतर केसरबाई केरकरांची लाखेची तबकडी लावतो आणि घरचे म्हणतात, "कसला हा आवाज! घोंगडीखालून गातायत जणू." मोबाईलवर कॉपी होते, मूळ तबकडी भंगारात जाते. घात होतो तो इथे, कारण दोष बऱ्याचदा तबकडीचा नसतोच.

रेकॉर्डवर आवाज जसाच्या तसा कोरत नाहीत. खर्ज पूर्ण जोराने कोरला तर सुई एवढे झोके घेते की एक खाच शेजारच्या खाचेत घुसते. उलट, अगदी बारीक, टोकदार आवाज खरखरीत बुडून जातात. म्हणून कोरताना खर्ज दाबायचा, बारीक आवाज उचलायचा आणि वाजवताना अँपने नेमके उलटे करायचे. किती दाबायचे, किती उचलायचे, त्याचा आलेख म्हणजे इक्वलायझेशन कर्व्ह.

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान भोंग्यात गायल्या, तेव्हा असला काही प्रकार नव्हता. १९२५ पासून मायक्रोफोन आला आणि प्रत्येक कंपनीने आपापला कर्व्ह धरला. एचएमव्हीच्या ७८ गतीच्या तबकड्यांत साधारण २५० हर्ट्झच्या खाली खर्ज दाबलेला असे, बारीक आवाज मात्र जवळपास उचललेला नसे. १९४८ मध्ये कोलंबियाने एलपी काढली ती स्वतःच्या कर्व्हसह, डेक्काचा आणखी वेगळा. हा गोंधळ मिटवायला १९५४ मध्ये अमेरिकेत आरआयएए कर्व्ह ठरला आणि हळूहळू जगभर तोच चालू झाला. आजच्या अँपच्या 'फोनो' खोबणीत बहुधा तेवढाच असतो.

आता ७८ ची तबकडी त्यावर लावा. जो बारीक आवाज कधी उचललाच नव्हता, तो १० हजार हर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबलने कापला जातो. खाली खर्ज सुमारे ६ डेसिबलने फुगतो. वर 'नॉइज रिमूव्ह' केले की संपलेच.

केसरबाईंची 'जात कहां हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. (त्यांची केरी फोंड्याची, आपली तेरेखोलकडची नव्हे.) ती रेकॉर्डसुद्धा न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात, खोक्यात पडलेली सापडली होती.

तेव्हा ७८ साठी जाड सुई लावा, सुमारे ०.०७ मिलिमीटरची, एलपीची सुई खाचेच्या तळाशी घासते. शक्य असल्यास कर्व्ह न लावता कॉपी घ्या. फोनोतूनच घ्यावी लागली तरी हरकत नाही, पण आवाज साफ करू नका. ऑडासिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आरआयएए उलटवून जुना कर्व्ह लावता येतो. जुन्या गाण्यांची नंतर निघालेली एलपी असेल तर मात्र फोनोच बरोबर. आणि फाईलच्या नावात लेबलवरचा क्रमांक जरूर लिहा. कंपनी आणि साल त्यावरूनच शोधता येते.