नव्या ट्रकमधले पाणी जाते कुठे?

आमच्या घराशेजारी एक ट्रकचालक राहतात. गल्लीतली सगळी मुले त्यांना ‘मामा’ म्हणतात. गेल्या वर्षी मामांनी कर्ज काढून नवा ट्रक घेतला. नांदेडच्या बाजूची सोयाबीन आणि तूर भरायची, लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्याने लातूरला न्यायची, तिथल्या बाजारात किंवा डाळमिलमध्ये उतरवायची आणि परत यायचे, हा त्यांचा नेहमीचा फेरा. ट्रक आठ महिन्यांचा झाला तेव्हा डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मामा माझ्याकडे आले.

“सर, तुम्ही पोरांना विज्ञान शिकवता. मला एक सांगा, गाडीतलं पाणी जातंय कुठं? दहा-बारा दिवसांत टाकीत बोटभर कमी होतंय. खाली एक थेंब दिसत नाही. गॅरेजवाले म्हणतात, वरून टाका अन् चालवा.”

मामांची काळजी योग्यच होती. इंजिन तापून बिघडले तर दुरुस्तीचा खर्च लाखाच्या घरात जातो. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही. मग आम्ही दोघांनी मिळून या पाण्याचा माग काढायचे ठरवले. तो कसा काढला, ते विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला सांगतो. यात वापरलेली बहुतेक तत्त्वे तुमच्या शाळेच्या पुस्तकातलीच आहेत.

इंजिनाला पाणी कशासाठी?

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण दोन पंचमांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता काही धुराबरोबर बाहेर जाते, तर काही इंजिनाच्या धातूत शिरते. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अ‍ॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते! म्हणून सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून सतत द्रव फिरवावा लागतो. हा द्रव धातूची उष्णता घेतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन ती हवेला देतो आणि थंड होऊन पुन्हा इंजिनात येतो.

मामा त्याला ‘पाणी’ म्हणत असले तरी ते नुसते पाणी नसते. त्यात साधारण निम्मे एथिलिन ग्लायकॉल आणि थोडी गंजरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. या मिश्रणाला कूलंट म्हणतात. ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते, म्हणून लहान मुले आणि जनावरे यांपासून ते दूर ठेवावे लागते.

आता एक गंमत पाहा. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे, तर बालाघाटाच्या पठारावरचे लातूर सुमारे ६३० मीटरवर. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो, म्हणून लातूरला उघड्या भांड्यातले पाणी १०० नव्हे, जवळजवळ ९८ अंशांनाच उकळते. भरलेला ट्रक मे महिन्याच्या उन्हात चढ चढू लागला की इंजिनातले पाणी या तापमानाच्या फार जवळ जाते. मग ते उकळत का नाही? कारण टाकीचे झाकण ते दाबून ठेवते. हीच युक्ती घरच्या प्रेशर कुकरमध्ये असते. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याने १६७९ मध्ये बनवलेले दाबाचे भांडे हा त्या कुकरचा पूर्वज. बाहेरच्या हवेपेक्षा आणखी एका वातावरणाइतका दाब ठेवला, तर साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही.

यावरून बारीक गळतीचा खरा धोका ध्यानात येईल. फटीतून पाणी जाते तसा दाबही जातो. दाब गेला की उत्कलनबिंदू खाली येतो, पाणी उकळू लागते आणि वाफेचे बुडबुडे जिथे चिकटतात तिथे धातू थंड होत नाही. याच दाबामुळे गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. उघडताच आतले पाणी एकदम उसळून तोंडावर आणि हातावर येते. रस्त्याच्या कडेला असे भाजलेले चालक मामांनी स्वतः पाहिले होते.

आधी मोजमाप

“टाकीतलं पाणी तुम्ही कधी बघता?” मी विचारले.

“कधी सकाळी, कधी धाब्यावर थांबलो की.”

पहिली चूक इथेच होती. २० अंशांचे पाणी ९० अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते. ट्रकमध्ये ३० लिटर पाणी धरले तर ही वाढ झाली सुमारे एक लिटर. म्हणजे गरम असताना पाहिलेली पातळी आणि थंड असताना पाहिलेली पातळी यांची तुलनाच होऊ शकत नाही.

मी टाकीवर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि मामांना एक वही दिली. नियम साधा होता. ट्रक रात्रभर उभा राहिला असेल त्याच पहाटे, सपाट जागेवर, इंजिन सुरू करण्यापूर्वी पातळी लिहायची. सोबत किती किलोमीटर झाले आणि गाडी किती रात्री उभी होती, तेही लिहायचे.

दोन आठवड्यांनी वही माझ्यापुढे आली. पहिल्या आठवड्यात माल भरपूर होता. ट्रक दोन हजार किलोमीटर धावला आणि फक्त तीन रात्री उभा राहिला. पातळी साडेचार मिलिमीटर उतरली. दुसऱ्या आठवड्यात भाडी कमी मिळाली. ट्रक जेमतेम साडेआठशे किलोमीटर धावला आणि सहा रात्री उभा राहिला. पातळी नऊ मिलिमीटर उतरली.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा आणि हे आकडे पुन्हा पाहा. गाडी जास्त धावली तेव्हा पाणी कमी गेले आणि कमी धावली तेव्हा दुप्पट गेले! पाण्याचे नाते किलोमीटरशी नव्हते, उभ्या राहिलेल्या रात्रींशी होते. दर रात्री दीड मिलिमीटर. टाकीचा आडवा छेद सुमारे २०० चौरस सेंटिमीटर होता, म्हणजे रात्रीला ३० मिलिलिटर. एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब धरले तर ६०० थेंब, आणि दहा तासांच्या रात्रीत मिनिटाला एक थेंब. एवढीशी गळती सहज डोळ्यांत भरत नाही.

तीन वाटा

इंजिनातले पाणी तीनच वाटांनी जाऊ शकते. एक, बाहेर जमिनीकडे. दोन, सिलिंडरमध्ये शिरून धुराबरोबर. तीन, इंजिनाच्या तेलात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेचे नाव काढले की मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण त्यासाठी इंजिन खोलावे लागते. तेव्हा आधी त्या दोन वाटा तपासायच्या असे ठरले.

तेल तपासणे सोपे. तेलाच्या पट्टीवर दुधाळ, ताकासारखा थर दिसला तर तेलात पाणी आहे. मामांच्या गाडीचे तेल काळेभोर आणि स्वच्छ होते. सिलिंडरची परीक्षा रसायनशास्त्राच्या मदतीने होते. सिलिंडर आणि पाणी यांच्यामधली गॅस्केट फाटली असेल तर जळालेला वायू पाण्याच्या टाकीत येतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. टाकीतली हवा ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रावणातून जाऊ दिली की कार्बन डायऑक्साइडचे आम्ल बनते आणि निळा रंग पिवळ्याकडे झुकतो. डिझेल इंजिनाच्या धुरात हा वायू कमी असल्याने रंगातला बदल फिका असतो, म्हणून नीट पाहावे लागते. आमचे द्रावण निळेच राहिले. धूरही पांढरा नव्हता. उरली पहिली वाट, बाहेरची.

दुपारी पास, पहाटे नापास

गॅरेजच्या मिस्त्रींनी टाकीच्या तोंडाला हातपंप आणि दाबमापक बसवून पाण्यावर एका वातावरणाचा दाब दिला. गाडी दुपारीच लातूरहून आली होती. झाकण काढण्याइतकी निवली होती, तरी इंजिन गरमच होते. पाव तास झाला तरी काटा हलला नाही. “कुठंच गळती नाही,” मिस्त्री म्हणाले.

मामा निराश झाले. पण वही वेगळे सांगत होती. गळती रात्रीची असेल तर परीक्षा दुपारी घेऊन कसे चालेल? मिस्त्रींना हे पटले आणि त्यांनी गाडी रात्री गॅरेजमध्येच ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंगावर शाल घेण्याइतक्या थंडीत, आम्ही तोच दाब पुन्हा दिला. दहा मिनिटांत काटा एकवरून ०.८ वर आला! गळती होती, पण ती फक्त थंड असताना होत होती.

आता जागा शोधायची. त्यासाठी मिस्त्रींनी आदल्या दिवशीच कूलंटमध्ये चालणारा एक प्रतिदीप्त रंग मिसळून ठेवला होता. असे रंग अतिनील प्रकाश शोषून घेतात आणि त्याऐवजी दिसणारा, हिरवट-पिवळा प्रकाश बाहेर टाकतात. त्यांपैकी प्रसिद्ध असलेले फ्लुओरेसिन हे द्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केले. सहाच वर्षांनी, १८७७ मध्ये, त्याचा एक विलक्षण उपयोग झाला. जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी एका ठिकाणी पात्रातच जमिनीत झिरपून नाहीसे होते. सुमारे १२ किलोमीटरवरच्या आख झऱ्यात तेच पाणी येते का, यावर वाद होता. नदीत १० किलो रंग सोडला आणि अडीच दिवसांनी झरा हिरवा झाला. एका अख्ख्या नदीची गळती रंगाने पकडून दिली!

आम्ही गॅरेजचे दिवे मालवले आणि मिस्त्री अतिनील दिवा घेऊन ट्रकखाली सरकले. थोड्याच वेळात आवाज आला, “सर, हे बघा!”

रेडिएटरच्या तळातून इंजिनाकडे जाणारा जाड रबरी होजपाइप धातूच्या नळीवर जिथे चढवला होता, तिथे क्लिपखाली एक हिरवी रेघ चमकत होती. तिथून सुटलेला थेंब चेसिसच्या आडव्या पट्टीवर पडे. पट्टीवरची धूळ तो शोषून घेई आणि दिवसा इंजिनाची गरम हवा ती वाळवून टाकी. म्हणून जमिनीवर कधी डाग पडला नाही. दिवा लावून पाहिल्यावर त्या धुळीवर वाळलेल्या कूलंटची पापडीही दिसली.

दोष कोणाचा?

तापल्यावर रबर पोलादापेक्षा दहा पटींहून अधिक प्रसरण पावते आणि थंड झाल्यावर तितकेच अधिक आकसते. दिवसा फुगलेले रबर क्लिपखाली घट्ट दाबले जाई आणि फट बुजे. रात्री रबर आकसे, पण पोलादी क्लिप जवळजवळ तेवढीच राही, त्यामुळे पकड ढिली पडे. टाकी वर आणि जोड खाली, म्हणून उभ्या पाण्याचा भार थेंब ढकलायला पुरेसा होता.

पण नव्या गाडीत असे का व्हावे? खरे तर नवी होती म्हणूनच. सतत दाबाखाली राहिलेले रबर हळूहळू चेपते आणि पूर्वीसारखे उसळून वर येत नाही. उशीचा कापूस बसतो, तसेच. हे बसणे पहिल्या काही महिन्यांत अधिक होते. त्यात ही पहिलीच थंडी. मिस्त्रींनी स्क्रूची क्लिप काढून स्प्रिंगची क्लिप लावली. रबर आकसले तरी स्प्रिंग त्याच्यामागोमाग आवळत जाते. काम अर्ध्या तासाचे. पुढचा महिनाभर वहीत पातळीचा एकच आकडा आला.

“अन् मी नुसतं वरून बोअरचं पाणी टाकत बसलो असतो तर?” मामांनी विचारले.

तर नुकसान हळूहळू झाले असते. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळदा जास्त असतात. गरम धातूवर त्यांचा थर बसतो. चहाच्या भांड्यात बसणारा पांढरा थर तुम्ही पाहिलाच असेल. असा थर अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने शंभर पटींच्या आसपास वाईट उष्णतावाहक असतो. शिवाय गंजरोधक द्रव्ये दर वेळी पातळ होत जातात. म्हणून भर घालायचीच झाली तर ठरावीक कूलंटच घालावे.

गावाच्या नळांची गळतीही याच रीतीने शोधतात. मध्यरात्री गाव झोपलेले असते, नळ बंद असतात. त्या वेळीही मुख्य नळीतून बरेच पाणी वाहत असेल, तर त्यातले पुष्कळसे कुठेतरी झिरपत आहे असे समजावे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, ते दिवस आपल्या भागात कोण विसरेल? अशा प्रदेशात मिनिटाचा एक थेंबही मोजायला हवा.

करून पाहा

शाळेतला एखादा गळका नळ निवडा. त्याखाली मोजपात्र ठेवा आणि एका तासात किती पाणी जमते ते पाहा. पहाटे, दुपारी आणि रात्री, असे आठवडाभर करा. तीन वेळचे आकडे वेगळे आले तर घाईने कारण सांगू नका. वहीत आणखी काय लिहायला हवे होते, याचा आधी विचार करा. मामांच्या वहीत ‘उभ्या रात्री’ हा रकाना नसता, तर आम्ही कदाचित आजही किलोमीटरच मोजत बसलो असतो.