मीटर आणि किलोहर्ट्झ यांचे नाते

श्रोतेहो, मध्यम लहरी ३७८.८ मीटर, म्हणजेच ७९२ किलोहर्ट्झ, ही पुणे केंद्राची ओळख आपल्यापैकी अनेकांच्या कानांत बसलेली आहे. एकाच केंद्राला हे दोन आकडे कशासाठी? दोन्ही एकाच लहरीचे आहेत. एक ठाऊक असला, की दुसरा घरबसल्या काढता येतो.

जत्रेला निघालेला बाप आणि त्याचे बोट धरून चालणारे पोर डोळ्यांपुढे आणा. दोघे बरोबरच पोचतात. पण बापाची ढांग लांब म्हणून पावले थोडी, पोराची आखूड म्हणून पावले पुष्कळ. पावलांना ढांगेच्या लांबीने गुणले, की दोघांचे अंतर तेच येते. रेडिओच्या लहरींचेही तसेच आहे. सगळ्यांचा वेग एकच, सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. सेकंदात होणारी कंपने ही लहरीची कंपनसंख्या. शाळेच्या पुस्तकात तिला वारंवारता म्हणतात. एका कंपनात लहर जेवढी पुढे सरकते, ती तिची लांबी. तेव्हा वेगाला कंपनसंख्येने भागले, की लांबी हाती येते.

किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला हजार कंपने. म्हणून ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागावे. ३,००,००० भागिले ७९२ बरोबर ३७८.८ मीटर. एफ.एम.चे आकडे मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे दहा लाखांच्या हिशेबात असतात. तिथे ३०० ला भागावे. १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटरची. मुले चुकतात ती इथेच. एकक न पाहता भागले, तर ३ चे ३,००० होतात!

शिक्षकबंधूंसाठी एक बारकावा. १९८३ साली ठरलेला नेमका वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. तो घेतला, तर पुण्याची लहर ३७८.५ मीटर भरते. रोजच्या कामाला ३० कोटी पुरे.

हे गणित फळ्यापुरतेच नाही. लहर लांब असली, तर ती जमिनीच्या अंगाने वळत डोंगरापलीकडेही जाते. एफ.एम.ची ३ मीटरची लहर तशी वळत नाही. म्हणून डोंगराआडच्या वाडीत ती नीट लागत नसेल, तर सेट उंच जागी न्यावा. त्याची दांडी लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे सुमारे पाऊण मीटर वर काढावी. तेवढी लांब नसेल, तर पुरी काढावी.

आता मुलांना नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झ घालून पाहा. उत्तर ५१२.८ मीटर आले, की रीत बसली म्हणायची.