उत्खननात कोबी का सापडत नाही?

मध्ययुगीन युरोपातला सामान्य शेतकरी काय खायचा? उत्खननांचे अहवाल चाळले तर उत्तर सोपं वाटतं: गहू, जव, राय, ओट. धान्यच धान्य. (बटाटा, टोमॅटो, मका शोधू नका, ते १४९२ नंतर अमेरिकेतून आले.) पण हे दाणे आपल्यापर्यंत पोचले कसे, ते आधी बघा.

मातीत पडलेला दाणा एरवी सहसा कुजतो. करपून कोळसा झाला तर शेकडो वर्षं टिकतो. धान्य वाळवताना, भाजताना आगीजवळ जातं, म्हणून त्याचे दाणे ढिगाने मिळतात. कोबी किंवा लीक पातेल्यात जाते, खाल्ली की संपली. शिवाय भाजी बी धरायच्या आधीच काढतात, मग मागे उरणार काय? नमुन्यातली टक्केवारी म्हणजे ताटातली टक्केवारी नव्हे. सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक पुराव्यापुढे 'यात काय टिकूच शकत नाही' ही एक ओळ लिहाच. गाईडने विचारायच्या आधी.

कागदपत्रांचंही तेच. इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या बिशपच्या जमिनींचे हिशेब १२०८-०९ पासून मिळतात. बी किती पेरलं, पिकलं किती, सगळं आहे. गहू पेरलेल्याच्या साधारण चौपट यायचा. विदा म्हणून सोनं! पण हिशेब धन्याच्या शेताचा. कुळाच्या परसातला कोबी त्यात कोण लिहिणार?

माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र छपरात आहे. दक्षिण इंग्लंडमधली काही जुनी घरं गव्हाच्या काडाने शाकारलेली आहेत. नवा थर जुन्यावरच चढवायचे, त्यामुळे तळाचा मध्ययुगीन थर तसाच राहिला, उघड्या चुलीच्या धुराने काळा पडलेला. जॉन लेट्स यांनी १९९० च्या दशकात तो अभ्यासला. काड, लोंब्या, तण, सगळं जागच्या जागी! नुसत्या करपलेल्या दाण्यावरून ब्रेड गहू आणि रिव्हेट गहू वेगळे ओळखणं फार अवघड असतं. अख्ख्या लोंबीवरून ते जमतं. छपरांत हे दोन्ही गहू सापडले, आणि तेही आजच्यासारखं एकसारखं वाण नाही, तर उंच वाढणारी सरमिसळ.

अर्थात इथेही चाळण लागलेलीच आहे. शाकारायला लांब काड हवं, त्यामुळे परसातल्या कोबीबद्दल हे छप्परही गप्पच.